ओट्याचा जीर्णोद्धार

स्वयंपाकघरातील कडप्प्याचा ओटा, पिढीभराची चिंच, लिंबू आणि कोकम पचवून जागोजागी पांढुरका पडलेला, ज्या गृहस्थास यापुढे पाहवत नाही, आणि ग्रॅनाइटचे दरपत्रक तर त्याहूनही पाहवत नाही, त्याच्यासाठी रंगलेपनाचा मार्ग खुला आहे. (कडप्पा हा जातीने चुनखडक असल्यामुळे आम्लाशी त्याचे वैर जन्मजात आहे, गृहिणीच्या स्वच्छतेचा त्यात काडीमात्र दोष नाही, आणि तसे सुचवू पाहणाऱ्याने पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये.)

प्रथम मंजुरी. सदनिका ज्याच्या नावे, ओटाही त्याचाच, ही समजूत केवळ सरकारी दप्तरात ग्राह्य आहे; प्रत्यक्ष वहिवाट जिची, तिच्याकडे रीतसर अर्ज करावा, आणि शेगडी किती दिवस बंद राहील याचा उल्लेख त्यात शक्य तितका शेवटी व संदिग्ध भाषेत असावा. मुहूर्त दिवाळीच्या तोंडावरचा नको, कारण चकलीची कढई कोणाच्याही संकल्पाची पर्वा करत नाही. आषाढ-श्रावणातला तर नकोच, कारण ओलसर दगडावर चढवलेला रंग पुढे फुगून पोपडे धरतो.

मंजुरी हाती पडताच, हुकूम फिरण्यापूर्वी, डबे-बरण्यांचे स्थलांतर करून धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने ओटा घासावा. ज्या घरात कडप्प्याचा काळेपणा टिकावा म्हणून त्याला वर्षानुवर्षे खोबरेल तेल मायेने चोळले गेले, तेथे हे काम विशेष निर्दयपणे करणे प्राप्त आहे, कारण रंगाच्या दृष्टीने ती माया म्हणजे निव्वळ अडथळा होय. पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत: ते गोळा होऊन बसले तर तेलाचा अंमल अद्याप कायम समजावा, पसरले तर तेल बेदखल झाले. त्यानंतर नाकाला फडके बांधून १२० व मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणे, टवक्यांत लांबी भरणे आणि प्रायमरचा हात देणे ही किरकोळ कामे यथासांग उरकावीत.

खरी कसोटी इपॉक्सी रंगाची. मूळ रंग व हार्डनर एकदा एकत्र आले की त्यांच्या संयोगातून उष्णता उत्पन्न होते आणि घड्याळ चालू लागते. ‘चहा घेऊन मग लावू’ म्हणणाऱ्याच्या डब्यात रंगाऐवजी ठोकळा निघतो. लेप पातळ द्यावेत. दुसऱ्या दिवशी बोटाला कोरडा लागणारा रंग पुरता कठीण होण्यास साधारण ७ दिवस घेतो, ही मुदत कोणत्याही सबबीवर, जावयाच्या आगमनानेदेखील, कमी करता येत नाही. पुढेही सुरी ओट्यावर चालवू नये, कणीक त्यावर मळू नये, आणि कुकरखाली आडणी ठेवावीच. कुकरच्या पोटात सुमारे १२० अंश सेल्सिअस तापमान असते, आणि साधा इपॉक्सी त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडू लागतो.

राहता राहिला खर्च. या मुदतीत कुटुंबाने बाहेर खाल्लेले डोसे, मिसळ, राइसप्लेटी आणि दोन रात्री सासुरवाडीस जाण्याचे रिक्षाभाडे यांची बेरीज रंगाच्या किमतीस सहज मागे टाकते. सबब ती ‘आरोग्य व करमणूक’ या सदराखाली वेगळी नोंदवावी, आणि हिशेबाची वही, निदान रंग पक्का होईपर्यंत, घरात कोठेही उघडी टाकू नये.