अठरा ते पंचावन्न

मध्यमवर्गीय माणसाने कॅमेरा घेतला की घरच्यांना वाटतं, झाला एकदाचा खर्च. खरं तर तो नुसता मुहूर्त असतो. कॅमेऱ्याच्या खोक्यात एक लेन्स फुकट येते, म्हणजे किमतीत आधीच धरलेली असते. तिला किट लेन्स म्हणतात आणि तिच्यावर १८-५५ असं छापलेलं असतं. नोकरीच्या जाहिरातीतल्या वयोमर्यादेसारखा दिसणारा हा आकडा मिलिमीटरमधला असतो. १८ वर अख्खी पंगत मावते, ५५ वर पंगतीतल्या एकाच्याच मिशीला लागलेलं श्रीखंड दिसतं. यात समाधान मानायला काहीच हरकत नाही. पण कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात पडला की पहिलं जातं ते समाधानच.

त्यात सल्लागार भेटतात. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. ते फोटो काढत नाहीत, लेन्सा घेतात. त्यांनी माझा कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि सुतकी आवाजात विचारलं, "हीच?" मग एफच्या आकड्यांचं शास्त्र समजावलं. हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि तितकंच खिशालाही. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स मिळते, तशीच एफ १.२ सुद्धा. दुसरीतून प्रकाश सव्वादोनपट येतो आणि पैसे दहापटीहून जास्त जातात. "पण क्वालिटी बघा ना," असं म्हणून त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. तो त्यांच्या घरातल्या कपाटाचा होता. आत लेन्सा होत्या.

बजेटचा विषय घरी काढताना मी थेट दादासाहेब फाळक्यांनाच मध्ये आणलं. १९१२ साली त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, इंग्लंड गाठलं, विल्यमसन कॅमेरा आणला आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला! बायकोने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले होते, ते बरं गाळलंत? माझ्या पाटल्यांकडे बघू नका. आणि फाळके सिनेमा काढणार होते. तुम्ही काय काढणार आहात?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, गणपतीची मिरवणूक. पुण्यात लक्ष्मी रोडवर रात्री ढोलपथक भरात येतं, तेव्हा किट लेन्सला घाम फुटतो. ५५ वर नेली की ती एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. प्रकाश कमी पडतो, शटर सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंत उघडं राहतं आणि तेवढ्यात ढोलवाल्याला सहा हात फुटतात. एफ १.८ मधून जवळजवळ दसपट प्रकाश येतो, म्हणजे तेच काम सेकंदाच्या दोनशेव्या भागात होतं आणि ढोलवाला दोन हातांवर येतो. हे गणित बायकोला पटलं. साध्या १.८ पुरती मंजुरी मिळाली.

आता ५० घ्यावी की ३५? ऑफिसातले गृहस्थ म्हणाले, "कार्तिए-ब्रेसाँने जन्मभर बहुतेक फोटो पन्नासवर काढले." खरं आहे. पण त्या फ्रेंच फोटोग्राफरच्या लायका कॅमेऱ्यात फिल्मची पूर्ण चौकट होती आणि समोर पॅरिसचे रस्ते होते. आमच्या स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर लहान. त्याच्यावर ५० ची लेन्स ७५ किंवा ८० सारखी वागते, आणि समोर असतो वन बीएचके. ऑफिसातून मागून आणलेल्या पन्नासने मी सत्यनारायणाचे फोटो काढायला गेलो. पाठ फ्रिजला टेकली तरी चौरंग आणि भटजी एका चौकटीत येईनात. भटजींनीच शेवटी सुचवलं, "बाल्कनीतून घ्या." घर लहान असेल त्याने ३५ घ्यावी, हा माझा ठाम सल्ला आहे.

१.८ चा आणखी एक गुण म्हणजे बॅकग्राउंड ब्लर. सगळे नवशिके यासाठीच जीव टाकतात. पण नातेवाइकांत तो जपून वापरावा. भाचीच्या बारशाला बाळाचं नाक असं टिपलं की लव मोजून घ्यावी. मागे उभ्या आत्या मात्र धुक्यात गेल्या. फोटो पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "माझं पाकीट कमी पडलं का रे?" नातेवाईक दोन ओळींत उभे असतील तर एफ ८ वर जावं. तेवढ्याने घराण्यातले संबंध टिकतात.

जुनी लेन्स घ्यायची तर मोबाइलचा टॉर्च लावून आरपार बघावी. मुंबईची, कोकणची हवा लेन्सलाही बाधते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घासाघीस न करता घरी यावं. निकॉनवाल्यांनी जुन्या एएफ-डी लेन्सच्या स्वस्ताईला भुलू नये. डी ३५०० सारख्या कॅमेऱ्यात त्यांना फिरवणारी मोटरच नसते, फोकस हातानेच करावा लागतो. घेतलेली लेन्स पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. डबा मात्र स्वतःचा आणावा. चकल्यांच्या डब्यात लेन्स सापडल्यावर काय होतं, ते छापण्याजोगं नाही. लेन्स हौशी संग्राहकाकडून मिळाली तर उत्तम, ती कधी वापरलेलीच नसते.

राहिले पक्षी. भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलात आणि हाती ५५-२५० असेल तर उजनीच्या पाण्यावर गुलाबी ठिपके मिळतील. शेजारच्या नावेत तोफा रोखलेल्या असतील. तरी घाबरू नका. १५०-६०० च्या तोफेचं वजन दोन किलोच्या घरात असतं आणि ती एका दिवसासाठी भाड्यानेही मिळते. दिवसभर उचलून बघा. संध्याकाळी खांदाच सांगेल, विकत घ्यायची की नाही.

तेव्हा नवशिक्यांनो, वर्षभर किट लेन्सच वापरा. मग कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोची माहिती उघडा, तो किती मिलिमीटरवर काढला ते तिथे नोंदलेलं असतं. बहुतेक फोटो १८ वर असतील तर रुंद लेन्स बघा, ५५ वर असतील तर लांबची, आणि सगळे अंधारात हललेले असतील तर एफ १.८ घ्या. फोटोच नसतील तर काहीच घेऊ नका. उरलेल्या पैशांत एस.टी.ची दोन तिकिटं काढा आणि बायकोला बरोबर न्या. पुढच्या लेन्सची मंजुरी तिच्याकडूनच यायची आहे.