दिसून नाही राहिलं

संगणकाला वायफाय न मिळणे आणि संगणकात वायफायचा पर्यायच न दिसणे या दोन भिन्न अवस्था असून, वऱ्हाडात मात्र दोहोंसाठी ‘वायफाय दिसून नाही राहिलं’ हे एकच निदान प्रचलित आहे. पहिल्या अवस्थेत विहिरीला पाणी नसते. दुसरीत विहीर काठोकाठ भरलेली असते, पण घरातली बादलीच हरवलेली असते. बादली हरवल्यावर विहीर खोल करायला घेणे हा मनुष्यस्वभाव असल्यामुळे, पडद्याच्या कोपऱ्यातील ते पंख्याच्या आकाराचे चिन्ह नाहीसे होताच प्रथम राउटर बंद-चालू केला जातो, मग त्याची स्थापना खिडकीत होते, आणि अखेरीस जोडणी देणाऱ्या माणसाला फोन लावून ‘काहून बाप्पा, लाइन तर आहे’ अशी विचारणा होते. त्याच खोलीत नातवाच्या मोबाइलवर त्याच राउटरच्या जोरावर क्रिकेटचा सामना विनाखंड चालू असतो. हा पुरावा कोणी विचारात घेत नाही.

तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरीत ही गफलत विशेष खटकते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम उभारला आणि गावाने आपले प्रश्न आपणच सोडवावेत हा विचार पुढे ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांतून मांडला. गावसफाईसाठी खराटा आपणच उचलावा हे ज्या गावाला नव्याने सांगावे लागत नाही, त्याच गावात लॅपटॉपची एक कळ दाबण्यासाठी अमरावतीहून माणूस बोलावला जातो. महाराजांच्या खंजिरीला तारही नव्हती आणि ड्रायव्हरही लागत नसे, ही गोष्ट वेगळी.

ती कळ बहुधा ‘एअरप्लेन मोड’ची असते. विमानप्रवासात यंत्राच्या रेडिओलहरी एका झटक्यात बंद करण्यासाठी केलेली ही सोय कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाच्या चित्राखाली दडलेली असते, आणि धूळ पुसणाऱ्या फडक्याने ती हमखास दाबली जाते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमानसेवा सुरू व्हायला एप्रिल २०२५ उजाडावा लागला; जिल्ह्यातील लॅपटॉप मात्र त्याआधीची कित्येक वर्षे अधूनमधून हवेतच होते. जुन्या यंत्रांत हेच काम कडेला असलेले एक इवलेसे सरकते बटन करते, आणि ते पिशवीत ठेवताना-काढताना आपोआप सरकते.

कळ निर्दोष ठरली, तर संशय ड्रायव्हरवर जातो. ड्रायव्हर म्हणजे संगणकाची मूळ प्रणाली आणि आतले वायफाय कार्ड यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली. ती बिघडली किंवा एखाद्या अपडेटमध्ये चुकीची बसली, की कार्ड जागेवर असूनही प्रणालीला त्याच्याशी बोलता येत नाही, आणि ज्याच्याशी बोलणे नाही त्याचे बटन पडद्यावर मांडण्याचा खोटेपणा संगणक करत नाही. ‘ड्रायव्हर नाही’ हे निदान ऐकून घरातील वडीलधाऱ्यांनी ‘मंग तिवस्याच्या स्टँडावर पाहा नं, चार बसले असतील’ असा सल्ला दिल्यास तो तर्काला सोडून आहे असे म्हणता येत नाही. यंत्राच्या अवयवांचा हजेरीपट ‘डिव्हाइस मॅनेजर’ या नावाने आतच ठेवलेला असतो. त्यात कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर विद्यार्थी वर्गात आहे पण आजारी आहे. लपलेली उपकरणे दाखवायला सांगितल्यावर फिकट अक्षरांत नाव उमटले, तर पटावर नाव आहे पण विद्यार्थी वर्गात नाही. नवा ड्रायव्हर मिळतो इंटरनेटवर, आणि इंटरनेट अडलेले असते ड्रायव्हरपाशी. या फेऱ्यातून सुटण्यासाठी मोबाइल केबलने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट उसने घेतात, ज्याला ‘यूएसबी टेदरिंग’ म्हणतात. म्हणजे बिनतारी जोडणी परत आणायला शेवटी तारच लागते.

ब्लूटूथही त्याच वेळी गेले असेल, तर रोग कार्डाचा समजावा, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये या दोघांचा संसार एकाच कार्डावर असतो. अशा वेळी सर्वांत गुणकारी उपाय सर्वांत कमी शास्त्रीय दिसतो: यंत्र बंद करावे, चार्जर काढावा, बॅटरी निघत असल्यास तीही काढावी आणि पॉवरचे बटन अर्धा मिनिट दाबून धरावे. आतल्या भागांत रेंगाळलेली वीज त्यामुळे निघून जाते आणि रुसलेले कार्ड पुष्कळदा पुन्हा हजेरी देते. नुसते ‘शट डाउन’ पुरत नाही, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे विंडोज आपल्या अवस्थेचा काही भाग जपून ठेवते. ‘रिस्टार्ट’ मात्र तो टाकून नव्याने सुरुवात करते. हा उपाय करून दाखवणाऱ्याला घरात मांत्रिकाचा मान मिळतो, आणि चहाही.

टेबलावरच्या संगणकाची कथा निराळी आहे. त्यातील पुष्कळांत वायफायचे कार्ड मुळातच बसवलेले नसते, आणि ‘काल तर होतं’ या साक्षीवर विसंबून आत जे नव्हतेच त्याचा शोध तासन्तास चालतो. साक्ष खोटी नसते. काल ते डब्याच्या मागे यूएसबीत खोचलेल्या, नखाएवढ्या डोंगलमध्ये होते, आणि डोंगल दिवाळीच्या सुटीत आलेल्या भाच्याचे होते. तेव्हा अमरावतीला फोन लावण्याआधी वाचकांनी एकदा डब्यामागे हात घालून पाहावा, आणि मग भाच्याला विचारावे.