समाईक अण्णा

नांदेडच्या जुन्या भागात, गाडीपुऱ्यात म्हणा, होळीवर म्हणा, ज्या घरावर अजून माळवद आहे त्या घराला एक समाईक अण्णा असतातच. ते राहतात पुण्यात. दिवाळीला येतात, चपला काढता काढता चौकटीवरून हात फिरवतात आणि भरल्या गळ्यानं म्हणतात, "काही म्हणा, हे आपलं घर!" पुढ्यात घरपट्टीची नोटीस आली की पुण्याची भाषा गळून पडते. "राहू लालाव तुम्ही, अन् पट्टी मी भरू का?"

थकीत घरपट्टीवर महापालिका दरमहा 2 टक्के शास्ती लावते. ती काही रक्ताची नाती बघत नाही. घरात राहणाऱ्या धाकट्या भावानं एकट्यानं पट्टी भरली तर इतर मालकांकडून त्यांच्या वाट्याचे पैसे मागायचा त्याला हक्क आहे. त्यानं तो अजून बजावलेला नाही, कारण अण्णांना लगेच छातीत कळ येते.

माळवद गळतं, ते अण्णा गेल्यावर. पत्रे टाकतो म्हटलं तर फोनवरून, "छे! वाड्याची शान जाईल." बँकेचं कर्ज काढावं तर सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. कागद पुढे केला तेव्हा अण्णांचा चष्मा नेमका पुण्यात राहिला होता. संध्याकाळी त्यांनी अख्खा पेपर वाचला, शब्दकोड्यासकट.

वाटणीचं नाव काढलं की "आई आहे तोवर नको." आई गेली, तेव्हा "वर्षश्राद्ध तरी होऊ द्या." बहिणींचा तर प्रश्नच नाही. "तायडीला साडीचोळी केली, तिनं हक्क सोडला." असा माजघरात सोडलेला हक्क कायद्याच्या लेखी सुटत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीनं दिला, आणि त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगून टाकलं. अण्णा पेपर वाचतात, पण ही बातमी तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली.

फारच कोंडी झाली की अण्णा ठेवणीतलं अस्त्र काढतात. "माझा हिस्सा बाहेरच्याला विकीन!" खुशाल विका. कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा घेणाऱ्या परक्याला आत येऊन बसता येत नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. त्यानं वाटपाचा दावा लावलाच, तर कोर्टानं ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घरच्यांना मागता येतो. ती सोय 1893 पासूनची. हे ऐकल्यावर अण्णांनी आणखी एक लाडू मागितला.

तुमच्या घरीही असे अण्णा असतील, तर घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. येत्या दिवाळीत सरकारी सुट्ट्या लागायच्या आधी सगळ्या भावा-बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन जा. चष्मा मात्र तुम्हीच न्या.