पान तीनवरचं भांडण

माणूस आपल्या मताचा पेपर वाचतो, हा समज वाचनालयात कधी पाय न ठेवलेल्या लोकांनी पसरवलेला आहे. आपल्या मताचा पेपर माणूस घरी लावतो. वाचनालयात येऊन तो वाचतो समोरच्याच्या मताचा पेपर. तोही असा बारकाईने की रात्रपाळीच्या उपसंपादकानं पेंगत सोडलेली ओळ सकाळी त्याच्या तावडीतून सुटत नाही. घरच्या पेपरात बातम्या मिळतात. भांडायला दारूगोळा मिळतो तो दुसऱ्यांच्या पेपरात.

साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयाचा मोफत वाचन विभाग सकाळी साडेसातला उघडतो. मधोमध लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, खिडकीतून दिसणारा तिरपा अजिंक्यतारा. टेबलावर पुण्या-मुंबईचे पेपर आणि साताऱ्याचा एक. मोठ्या पेपरांची घडी दुपारपर्यंत मोडत नाही. स्थानिक पेपराची नवाच्या आत लक्तरं झालेली असतात. कारण उघड आहे. दिल्लीत कोण काय म्हणालं यावर भांडायला थोडं तरी ज्ञान लागतं. पंचायत समितीत कोण कोणाला काय म्हणालं यावर भांडायला नुसती ओळख पुरते, आणि साताऱ्यात ती सगळ्यांची सगळ्यांशी आहे.

वाचायचा क्रमही ठरलेला. आधी निधनवार्ता, कारण कालचा मुद्दा अर्धवट राहिलेला असतो. समोरचा आज येणार की नाही ते कळलेलं बरं. मग पान तीन.

या पान तीनची गंमत अशी की स्थानिक पेपराची प्रत एकच येते, आणि तीन नंबरच्या पानाच्या पाठीवर पान चार असतं. पान तीनवर तालुक्याचं राजकारण, पान चारवर वाचकांची पत्रं. त्यामुळे तात्या पान तीन वाचायला धरतात तेव्हा समोर बसलेल्या आण्णांच्या तोंडासमोर पान चार येतं. दोघांमध्ये एक कागद उभा. अलीकडून तात्या संतापतात, पलीकडून आण्णा, आणि मधूनमधून "उलटा आता" असा आवाज येतो.

तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. मुद्दा अंगाशी यायला लागला की ते "बरं, पुढं चला" म्हणतात आणि सगळी चर्चा खरोखरच पुढं सरकते; तीसेक वर्षं कोंबलेली गाडी पुढं सरकवलेल्या आवाजाची ती जरब आहे. आण्णा माजी मुख्याध्यापक. विरोधकाचं म्हणणं त्यांना पटो न पटो, ते आधी त्याचं शुद्धलेखन तपासतात. पेपरात 'जिल्हाधिकारी'ची पहिली वेलांटी दीर्घ पडलेली दिसली की तेवढ्यावर ते अख्खी बातमी निकालात काढतात. "ज्याला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही, त्याला पाणीपुरवठा योजना काय कळणार?" तिसरे वकीलसाहेब. चहा ज्यानं सांगितला त्याची बाजू ते घेतात, आणि दुसऱ्यानं बिस्किटं मागवली की तहकुबी मागतात. टेबलाच्या टोकाला सिस्टर बसतात, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्या बोलतात कमी. पण जे बोलतात ते टोचल्यासारखं लागतं, सवयच ती.

राजकीय भूमिकांचं म्हणाल तर आण्णांचं सोपं आहे. गादीचा मान. उदयनराजे जिकडे, आण्णा तिकडे. राजे पक्ष बदलतात, आण्णांना तोही त्रास नाही, कारण त्यांनी पक्ष कधी धरलाच नव्हता. तात्या पवारसाहेबांचे. १९७८ साली साहेबांनी पुलोदचं सरकार केलं तेव्हा खंजीर होता की मुत्सद्देगिरी, या विषयावर आमच्या वाचनालयात अजून अंतिम सुनावणी झालेली नाही.

खरी रंगत आली ती २०१९ मध्ये. उदयनराजे मे महिन्यात राष्ट्रवादीच्या घड्याळावर निवडून आले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच लागली. १८ ऑक्टोबरला जिल्हा परिषदेच्या मैदानावर शरद पवारांची सभा होती. पाऊस आला, ते भिजत बोलत राहिले, आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी देशभर गेला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीनिवास पाटील ८७ हजारांवर मतांनी निवडून आले.

त्या सभेला आपण होतो असं सांगणारा माणूस साताऱ्यात रोज एक तरी भेटतो. त्या सगळ्यांना जागा करायची तर मैदान पार कोरेगावपर्यंत वाढवावं लागेल. तात्या अर्थातच होते. पहिल्या रांगेत होते, पुढच्या वर्षी ते जवळजवळ व्यासपीठावर पोचले.

"तीन दिवस तापानं फणफणलो होतो," तात्या अभिमानानं सांगतात.

"औषध न्यायला आला नव्हतात," सिस्टर पेपरातून मान न काढता म्हणतात.

आण्णांचा मुद्दा वेगळाच. त्यांच्या मते पावसाचा निकालाशी संबंध नाही. परतीचा पाऊस तो, ऑक्टोबरात यायचाच. जागा जाणार होती ती गेली, वर पाऊस पडला. यावर तात्या म्हणाले, "मग तुमच्या सभेवर का नाही पडला?" याला उत्तर नव्हतं. वकीलसाहेबांनी हवामानखात्याला पक्षकार करावं असं सुचवलं.

पोटनिवडणुकीच्या निकालावर दोघांची पैज लागली होती, अर्धा किलो कंदी पेढ्यांची. निकाल २४ तारखेला लागला आणि आण्णा मोती चौकातून पेढे घेऊन आलेसुद्धा, पण पुडा उघडण्यापूर्वी त्यांनी खुलासा केला : हे पराभवाचे नाहीत, दिवाळीचे आहेत. उद्या वसुबारस. तात्यांनी पेढा तोंडात टाकून सांगितलं की दिवाळीचे असते तर तुम्ही पाव किलोच आणले असते. हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की आण्णांनी स्वतःसुद्धा दोन खाल्ले.

त्यानंतर महिनाभरानं, २३ नोव्हेंबरला, पेपर वाचण्याच्या आमच्या एकूण शास्त्राचीच परीक्षा झाली. त्या सकाळी सगळ्या पेपरांत मोठ्या टाइपात एकच मथळा होता, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. साडेसातला वाचनालय उघडलं आणि तात्या-आण्णांनी लगेच त्याच्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. तीन पक्षांचं सरकार टिकेल का, खाती कोणाला, साताऱ्याला मंत्रिपद किती. आण्णांचं ते सरकार पाडून झालं होतं, तात्या त्याचा दुसरा विस्तार करत होते, तेवढ्यात चहाचा पोरगा मोबाइल नाचवत आत आला. "शपथविधी झाला!" कोणाचा? तर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा, राजभवनावर, आत्ताच.

अर्धा तास ज्या सरकारवरून घसा सुकवला ते सरकार आलंच नव्हतं. आण्णांना जिंकूनही आनंद व्हायला वेळ लागला, कारण हातातला पेपर अजून उलटं सांगत होता, आणि छापलेल्या मजकुरावर त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. तात्या तर मोबाइलच खोटा म्हणत राहिले. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली होती. त्या वेळी आमचा पेपर छापून, बांधून, पोवई नाक्यावर गठ्ठ्यातून सुटून सायकलवर चढला होता. बिचाऱ्यानं काय करावं? पुढं तीन दिवसांत ते सरकार पडलं, २८ तारखेला उद्धव ठाकरेंचा शपथविधी झाला, आणि तात्यांनी २३ तारखेचा अंक रद्दीतून हुडकून काढून टेबलावर आपटला. "पेपर चुकला नव्हता," ते म्हणाले, "लवकर आला होता."

पुढची वर्षं वादपटूंच्या दृष्टीनं फार कष्टाची गेली. पूर्वी माणसाला 'राष्ट्रवादीचे का?' म्हटलं की विषय संपायचा. आता 'कुठल्या?' विचारावं लागतं, 'शिवसेना' म्हटलं तरी तेच. वाद सुरू करण्याआधीच दहा मिनिटं कोण कोणाकडे आहे याची हजेरी घेण्यात जातात, आणि हजेरी पुरी होईतो एखादा बाक बदलून गेलेला असतो. २०२३ च्या जुलैत अजितदादा सरकारात गेले तेव्हा तात्यांच्या घरातच फूट पडली. मुलगा घड्याळाकडे, तात्या साहेबांकडे. सुनेनं दोघांना एकाच वेळी जेवायला वाढणं बंद केलं. तात्या तेव्हापासून वाचनालयात लवकर येतात.

२०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे विरुद्ध शशिकांत शिंदे. राजे ३२ हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले आणि भाजपला साताऱ्याची लोकसभेची जागा पहिल्यांदा मिळाली. हे झालं पहिल्या पानावरचं. पान तीनवर जे होतं त्यानं आमचा पुढचा सगळा पावसाळा निभावला. शिंदे यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. यंत्रावर आणखी एका अपक्षाला मिळालेली पिपाणी. आणि त्या पिपाणीला मतं पडली ३७ हजारांवर. म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त.

तात्यांचं गणित तयार होतं. सदतीसातून बत्तीस गेले, पाच उरले, आम्ही जिंकलो. त्यांनी ते पेपरच्या कोऱ्या कडेला मांडूनही दाखवलं.

"ती सगळी मतं तुमचीच कशावरून?" आण्णा.

"मग कोणाची? पिपाणीवाल्याला ओळखतं कोण?"

"एखाद्याला खरोखर पिपाणी आवडत असेल."

"सदतीस हजार जणांना?"

"इतकी वर्षं तुम्हीच सांगत होता ना, मतदार सुज्ञ आहे म्हणून? आता एकदम त्याला तुतारी ओळखू येईना?"

यावर तात्यांनी "बरं, पुढं चला" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण सिस्टर मध्ये बोलल्या. त्यांच्या सासऱ्यांना दिसत नव्हतं म्हणून त्या मतदानाला त्यांच्याबरोबर गेल्या होत्या, आणि सासऱ्यांनी कोणतं बटण दाबलं ते सिस्टरांनी पाहिलं होतं. टेबल शांत झालं. दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. "मतदान गुप्त असतं," सिस्टर म्हणाल्या आणि कोडं सोडवायला लागल्या.

आण्णा नुसतं बोलून थांबत नाहीत, संपादकाला पत्रही लिहितात. अजून पोस्टकार्डावर. पन्नास पैशांत अख्खं सरकार हादरवण्याची दुसरी सोय त्यांना सापडलेली नाही. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावानं पत्रं लिहिली, तो आदर्श आण्णांपुढे आहे, म्हणून तेही टोपणनाव घेतात, 'एक सजग सातारकर'. त्याला पुढच्या आठवड्यात 'एक प्रवासी' उत्तर देतो. हा प्रवासी कोण, हे सांगायला गुप्तहेर नको. पत्राचा शेवट "असो, पुढे चलावे" असा असतो. कार्यालयात कोणीतरी शहाणा माणूस बसलेला असावा. तो दोघांची पत्रं कापून अगदी सारख्या ओळींची करतो, त्यामुळे दोघंही सारखेच चिडतात.

आपल्या पत्राला कात्री लागली की आण्णा आगरकरांवर येतात. आगरकर इथले, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. टिळकांबरोबर 'केसरी' उभा केला, डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढले, आणि सुधारणेच्या प्रश्नावर पटेना तेव्हा 'केसरी' सोडून १८८८ साली स्वतःचा 'सुधारक' काढला. "मतभेद असावा तर असा," आण्णा गहिवरतात.

"मग काढा की तुम्ही पण एक," तात्या म्हणतात. "मी वर्गणी भरतो. उत्तर द्यायला बरं."

हे मतभेद कागदावरही उतरतात. परवा पान तीनच्या एका बातमीशेजारी निळ्या शाईत 'साफ खोटे' असं लिहिलेलं होतं. त्याखाली वळणदार अक्षरात 'सिद्ध करा'. त्याखाली पेन्सिलीनं 'तुम्ही करा'. त्याच्याखाली ग्रंथपालांचा लाल पेन, 'पेपरवर लिहू नये', पुढे सही, तारीख. आणि ग्रंथपालांच्या 'पेपर'खाली एक छोटी रेघ मारून वळणदार अक्षरात 'वृत्तपत्रावर'.

मला मोबाइलवरचं भांडण जमत नाही ते यामुळेच. तिथं माणूस चिडला की गटातून निघून जातो, आणि त्याच्यामागे उरलेले एकमेकांना अंगठे दाखवत बसतात. इथं निघून जायची सोय नाही, कारण आपल्या हातातल्या पानाची दुसरी बाजू समोरच्याला वाचायची असते.

हे कार्यकारिणीच्या ध्यानात यायला हवं होतं. आवाज फार होतो, अभ्यासिकेतल्या पोरांना त्रास होतो, अशा तक्रारी वार्षिक सभेत आल्या. स्पर्धा परीक्षेची पोरं ती. कलेक्टर व्हायच्या आधीच त्यांना जनता नकोशी झालेली. तेव्हा चिटणिसांनी तोडगा काढला. स्थानिक पेपराच्या दोन प्रती घ्याव्यात. एक तात्यांच्या बाजूला, एक आण्णांच्या. खर्च किरकोळ. ठराव मांडला गेला आणि विरोधाला पहिले तात्या उठले. वर्गणीदारांच्या पैशाची ही उधळपट्टी आहे, ते म्हणाले. आण्णा उठले आणि त्यांनी तात्यांना अनुमोदन दिलं. ठरावाच्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही जाता जाता सांगितल्या. वकीलसाहेबांनी दोघांची बाजू एकदम घेतली, त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच. सिस्टरांनी हात वर केला. ठराव नामंजूर. प्रत अजून एकच येते.

वकीलसाहेब आता मुलाकडे पुण्याला राहायला गेलेत, तेव्हा तात्यांच्या बाजूची एक जागा रिकामी आहे. साताऱ्यात असाल तर या. वाचन मोफत आहे, चहा आळीपाळीनं सांगायचा असतो. कोणत्याही पक्षाचे असा, काल बदललेला असला तरी चालेल. फक्त "मला राजकारणात रस नाही" असं म्हणणारे कृपया दुपारी चारनंतर यावे, तेव्हा मासिकं वाचायला मिळतात.