टँकरच्या गावाहून

"आमची पोरगी पॅरिसला चालली," असं सोसायटीतल्या काकूंनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं, आणि मीही ते फारसं खोडून काढलं नाही. खरं तर मी जाणार होते व्हिशीला. पण वालीव नाक्यावर उभं राहून व्हिशी कुठे ते सांगणं हे दादरला उभं राहून वालीव कुठे ते सांगण्याइतकंच जिकिरीचं. "वसई ना? अरे वा, किल्ला, समुद्र!" नाही हो. किल्ला, समुद्र, केळीच्या वाड्या, चर्चेस हे सगळं रुळांच्या पश्चिमेला राहिलं. पूर्वेला आम्ही. आमच्याकडे गाळे. प्लास्टिक मोल्डिंग, पावडर कोटिंग, पुठ्ठ्याचे खोके, आणि या सगळ्यातून उलटसुलट शिरणारे पाण्याचे टँकर, ज्यांच्या पाठीवर वर देवाचं नाव आणि खाली मोबाइल नंबर असतो. अडीअडचणीला आम्ही नंबरच लावतो.

फ्रेंच मी घेतलं होतं मार्कांसाठी. अकरावीला फ्रेंच घेतलं की टक्केवारी वर जाते, हे ज्ञान वसई स्टेशनवरून सुटणाऱ्या शेअर रिक्षात कोणीही फुकट देतं. ते खरंही निघालं. मग कॉलेजातही ते पुढे चालू राहिलं, आणि आमच्या बाईंनीच उन्हाळी वर्गाचं डोक्यात घातलं. व्हिशीत काविलाम नावाची संस्था 1964 पासून परदेशी लोकांना फ्रेंच शिकवते, राहायची सोय एखाद्या फ्रेंच घरात होते, आणि पॅरिसपेक्षा सगळं स्वस्त. बाबांना यातला शेवटचा मुद्दा पटला. बाकी माहिती त्यांनी स्वतः काढली. रात्री चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, हे तर पाण्याचं गाव आहे. गावात झरेच झरे. जा. निदान महिनाभर मोटर लावायची कटकट नाही."

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनातून क्लेरमों-फेराँची गाडी पकडायची, सुमारे तीन तासांत व्हिशी. उतरायचं स्टेशन जवळ आलं की आधीच्या स्टेशनलाच उठून, पाठीवरची बॅग पोटावर घेऊन, दारात पोझिशन धरायची, हा विरार लोकलचा संस्कार माझ्या हाडात आहे. मी धरली. डब्यातले लोक माझ्याकडे काळजीने बघू लागले. एक गृहस्थ उठून आले आणि अत्यंत अदबीने म्हणाले की, मादमोआझेल, बरं वाटत नाही का? शौचालय पलीकडच्या बाजूला आहे.

ज्यांच्या घरी माझी सोय होती त्या मादाम सत्तरीच्या, एकट्या, ताठ. शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणजे पुरत्या निवृत्त न झालेल्या. दारातच त्यांनी माझ्या एका गालाला गाल लावला, मग दुसऱ्या. नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडून आवाज आला, "काय गं, काय झालं त्यांना?"

पहिल्याच संध्याकाळी मादामनी घराचे नियम सांगितले. जेवण आठला. आठला बाहेर लख्ख ऊन, नऊ वाजून गेले तरी ते हलायला तयार नाही, आणि माझं पोट मात्र अंधार पडल्याशिवाय ताट मागायला तयार नाही. जेवणात आधी काहीतरी, मग मुख्य काहीतरी, मग चीज, मग गोड. मुख्य प्रकार संपला की हात धुवायला उठू नये, कारण खरी परीक्षा चीजपासून सुरू होते. व्हिशीच्या आसपासचा मुलूख, ओव्हेर्ञ, चीजसाठी नावाजलेला. सां-नेक्तेर, कांताल, फुर्म द'आंबेर. त्यांतल्या निळ्या शिरांच्या चीजचा वास आला तेव्हा मला घरची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. सुक्या बोंबलांचा डबा उघडल्यावर नाकं मुरडणाऱ्या सगळ्या शेजाऱ्यांना मी तिथे बसून माफ केलं. मी नेलेली वसईची सुकेळी मादामनी आधी चाकूने कापली, हुंगली, आणि चीजच्या तुकड्यावर ठेवून खाल्ली. राजेळी केळ्याचं एवढं सोनं पश्चिमेच्या वाडवळांनीही केलं नसेल.

गाजरं मात्र वेगळी गोष्ट. "कारोत व्हिशी" म्हणजे गाजराच्या चकत्या लोणी आणि चिमूटभर साखर घालून व्हिशीच्या पाण्यात शिजवायच्या. शाळेतल्या पुस्तकात या पदार्थाचं नाव जाड टाइपात छापावं असा त्याचा दबदबा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गाजराची भाजी, फोडणी विसरलेली."

न्हाणीघरात बादली नव्हती. मग्गा नव्हता. बाकी सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून व्हिशी सेलेस्तँची बाटली आणली, पाणी खारट लागलं ते बेसिनला अर्पण केलं, आणि बाटली कामाला लावली. जगभर पचनासाठी विकल्या जाणाऱ्या पाण्याची बाटली शेवटी पचनाच्याच कामी आली, एवढं समाधान. मादामनी ती तिथे पाहिली आणि काही दिवसांनी फार नाजूकपणे विचारलं, भारतात हे पाणी घेण्याची पद्धत वेगळी आहे का?

आणि आता पाणी. व्हिशीत लोक पाणी प्यायला येतात. म्हणजे तहान लागली म्हणून नव्हे, डॉक्टरने लिहून दिलं म्हणून. तीन आठवड्यांचा कोर्स असतो, आणि डॉक्टरची चिठ्ठी असेल तर खर्चाचा मोठा वाटा सरकारी आरोग्य विमा उचलतो. बाबांना हे पटेना. "सरकार पाणी पाजतं? आणि वर पैसे देतं?" त्यांनी दोनदा विचारलं, माझं फ्रेंच कच्चं असणार अशा सुरात.

गावाच्या मधोमध झऱ्यांची बाग, पार्क दे सूर्स. तिथे लोखंड आणि काचेचा मोठा मंडप, आत नळ, आणि प्रत्येक नळाचं पाणी वेगळं, तापमान वेगळं, दुखणं वेगळं. शोमेलचं पाणी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं, म्हणजे आंघोळीला काढलेलं वाटावं असं. ओपिताल नावाच्या झऱ्याला गंधकाचा, नासक्या अंड्याचा वास. गरम झऱ्यांचं पाणी चिठ्ठीशिवाय पिऊ नये अशी ताकीद. सुटाबुटातले आजोबा आणि मोत्यांची माळ घातलेल्या आज्या हातात छोटा पेला घेऊन घोट घोट पीत, डोळे मिटून गिळत, आणि मग एकमेकांशी आपापल्या यकृताविषयी बोलत. 1676 साली मादाम द सेव्हिञे इथे आल्या होत्या. हात संधिवाताने धरले होते म्हणून आल्या, आणि त्याच हातांनी लेकीला पत्रं लिहून पाण्याच्या चवीला नावं ठेवत बसल्या. ती पत्रं आज फ्रेंच साहित्यात अभिजात गणली जातात. पाण्याची तक्रार अभिजात होऊ शकते हे कळल्यावर मला आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे बघण्याची नवी दृष्टी मिळाली.

पुढे तिसरा नेपोलियन 1861 पासून उन्हाळ्यात येऊ लागला, स्वतःसाठी लाकडी सज्ज्यांची घरं बांधून घेतली, आलिए नदीकाठी बागा केल्या, आणि गावाचं नशीब फळफळलं. हॉटेलं इतकी झाली की 1940 मध्ये हरलेल्या फ्रान्सचं अख्खं सरकार येऊन त्यांत राहिलं. इथल्याच ऑपेराच्या सभागृहात 10 जुलै 1940 ला संसदेने मार्शल पेताँच्या हाती सगळी सत्ता दिली. वर्गातल्या एका मुलाने हा विषय जेवताना काढला, तेव्हा मादामनी सुरी खाली ठेवली. "ते आमचे पाहुणे होते," त्या म्हणाल्या, "बोलावलेले नव्हे." मग त्या चीजकडे वळल्या आणि आम्हीही.

मला व्हिशी आपलं वाटलं ते सेलेस्तँच्या झऱ्यावर. हे पाणी गार, चिठ्ठी लागत नाही, पैसे पडत नाहीत. सकाळी गेले तर झऱ्याशी रांग. रिकाम्या बाटल्यांच्या पिशव्या, चाकांच्या ट्रॉल्या, एका बाईच्या सायकलला दोन्हीकडे कॅन. पुढच्या माणसाच्या बाटल्या मोजणाऱ्या मागच्याच्या नजरा. एक आजोबा सहावी बाटली काढू लागले तशी मागून कोणीतरी घसा खाकरला. ती खाकर मी जन्मापासून ओळखते. पुस्तकात इतकी वर्षं शिकलेलं, तोंडातून कधी न फुटलेलं फ्रेंच माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं: "मस्य, रांग आहे." आजोबा दचकले, "पार्दों" म्हणत बाजूला झाले, आणि मागच्या बाईंनी मला मान डोलावून दाद दिली. वर्गात यासाठी मला "भूमिकाभिनय" नावाचा तास होता, त्यात मी कायम हॉटेलात खोली मागत होते.

घरी येऊन हा किस्सा सांगितला, आणि तेव्हापासून मादाम माझ्याशी पाण्यावरच बोलायच्या. तुमच्याकडे गरम झरे आहेत का? आहेत की! तानसा नदीकाठी, वज्रेश्वरीजवळ, अकलोली, गणेशपुरी. मी खुलून सांगू लागले. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरीला नवस बोलला, 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला आणि देवीचं देऊळ बांधलं. मादामना हे आवडलं. सेनापती आणि झरा हा मेळ त्यांच्या ओळखीचा. "आणि किती आठवडे उपचार घेतात?" मी म्हटलं, अर्धा तास. कुंडात बसायचं, साबण लावायचा, पोरांना ओरडायचं, वर येऊन वडापाव खायचा. "आणि डॉक्टर?" डॉक्टर पण असतो, म्हटलं, कधीकधी, पलीकडच्या कुंडात. त्यांनी उठून मला पास्तीय द व्हिशीचा डबा दिला. झऱ्याच्या क्षारांची ही अष्टकोनी गोळी 1825 पासून पोटाच्या भल्यासाठी चघळतात. त्यांना बहुतेक माझ्या वडापावची काळजी वाटली असावी.

जुलैच्या अखेरीस एका दुपारी आईचा फोन आला. रात्रभर कोसळलं होतं. सातिवली, वालीव, सगळा पट्टा पाण्यात. तळमजल्यावर गुडघाभर. मादाम शेजारीच शेंगा सोलत होत्या, आईचा चढा आवाज ऐकून थांबल्या. काय झालं? मी सांगितलं: "आमच्या इमारतीत गुडघ्यापर्यंत पाणी आहे, आणि पाणी नाही."

मादाम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "वाक्य पुन्हा बघ. नकार चुकलाय."

मी पुन्हा तेच म्हटलं, शब्द सुटा सुटा करून. त्यांनी माझ्यासाठी दुरुस्त केलं: पाणी होतं, आता नाही. नाही हो मादाम. आहे, आणि नाही. मग भावाने पाठवलेला फोटो दाखवला. आमचा जिना, तिसऱ्या पायरीपर्यंत तपकिरी पाणी, त्यात उभे बाबा, पँट वर दुमडलेली, एका खांद्यावर वीस लिटरचा जार. शेंगा बाजूला ठेवून त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. जार पाहिला. बाबांचे पाय पाहिले. "व्याकरण बरोबर आहे," म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "महापौरांना पत्र लिहिलंस?"

फ्रेंच माणसाच्या मते जगात असं संकट नाही ज्यावर महापौरांना पत्र हा पहिला उपाय नाही. त्या संध्याकाळी मला बसवून पत्र लिहून घेतलं. मजकूर चार ओळींचा, आणि शेवटी "माझ्या अत्यंत आदरयुक्त भावनांची अभिव्यक्ती कृपया स्वीकारावी" अशी लांबलचक वरात, जी लावली नाही तर पत्र फाडून टाकतात म्हणे. वालीवला ते पाठवून उपयोग नव्हता, म्हणून मी ते वर्गात गृहपाठ म्हणून दिलं. बाईंनी भाषेचं कौतुक केलं, शेवटच्या आदरयुक्त भावनांखाली दोन रेघा मारून "उत्तम" लिहिलं, आणि समासात लाल शाईने शेरा दिला: कल्पनाशक्ती चांगली आहे, पण औपचारिक पत्रात वास्तवाला धरून राहावं.