अण्णांचे बोके

अण्णा फोटो काढायचे, तो काळ वेगळा. पुढे ते फोटोग्राफी करू लागले. या दोन काळांच्या मधे २००८ चा दसरा आहे.

मोदी गणपतीच्या मागच्या गल्लीत आमची बिल्डिंग. पूर्वी वाडा होता, आता त्याच नावाचं अपार्टमेंट आहे, पण वाड्यातली बिऱ्हाडं तीच आणि भांडणंही तीच. अण्णा बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि मुलाने त्यांना एक छोटा कॅमेरा आणून दिला. कॅननचा पॉवरशॉट ए ५७०. सात मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, झब्ब्याच्या खिशात मावेल एवढा. मावायचा म्हणजे खिसा एका बाजूला लोंबायचा, पण अण्णा तसेच लक्ष्मी रोडपर्यंत जाऊन यायचे.

त्या कॅमेऱ्याने अण्णांनी काय काढलं नाही? वाढदिवस, डोहाळजेवण, हळदीकुंकू, केसरीवाड्याच्या गणपतीची पालखी, नो पार्किंगमधून उचलून नेलेली कुणाची तरी स्कूटर, आणि वाद नको म्हणून पाण्याच्या मीटरचं रीडिंग. कॅमेरा हातभर लांब धरायचे, चष्मा कपाळावर, तोंड अर्धवट उघडं, आणि मागल्या पडद्याकडे बघत म्हणायचे, "हसा की, पैसे पडत नाहीत!" लोक हसायचे. खरं तर लोक अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून हसायचे, पण फोटोत ते कळत नसे. खाली कोपऱ्यात नारिंगी रंगात तारीख. बिल्डिंगीतल्या प्रत्येक घरात असा नारिंगी तारखेचा एक तरी फोटो आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा धड फोटो सापडेना. शेवटी अण्णांनी संक्रांतीला काढलेल्या फोटोतूनच तो मोठा करून घेतला. आजी इतक्या मोकळ्या हसताना कुणी पाहिल्या नव्हत्या. हाराखाली अजून नीट बघितलं तर त्यांच्या हातातल्या तिळगुळाचा कोपरा दिसतो.

मग अण्णा एकदा बालगंधर्वच्या कलादालनात फोटोंचं प्रदर्शन बघायला गेले. तिथे एका म्हाताऱ्या धनगराचा फोटो होता. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. अण्णा त्या फोटोपुढे पंधरा मिनिटं उभे. शेवटी तिथल्या पोराला म्हणाले, "माझ्याकडेही कॅमेरा आहे. हे मागचं पुसायचं कसं?" त्या पोराने खिशातला तो फुगवटा पाहिला आणि म्हणाला, "काका, ह्याने नाही होत. ह्याचा सेन्सर लहान असतो."

नारायण पेठेतल्या माणसाला एक वेळ तुमचं चुकतंय म्हटलेलं चालेल, पण तुमचं लहान आहे म्हटलेलं चालत नाही.

त्या पावसाळ्यात अण्णांनी बँकेतली एक कोरी खतावणी काढली. डाव्या पानावर कॅनन १००० डी, उजव्या पानावर निकॉन डी ६०. कॅननचे मेगापिक्सेल १०.१, निकॉनचे १०.२. या पॉइंट एकावर आमच्या जिन्यात चार संध्याकाळी गेल्या. सेन्सर मात्र त्यांनी मला एका मिनिटात समजावला. काकूंच्या हातातल्या ताटलीतून हरभऱ्याच्या डाळीचा एक दाणा उचलला. "हा आपला जुना." मग पाकिटावरचं टपालाचं तिकीट दाखवलं. "हा नवा. पंधरापट मोठा. आता सांग, उजेड कुठे जास्त मावेल?" मी तिकीट म्हणालो. काकू म्हणाल्या, "डाळ परत टाका, निवडलेली आहे."

दसऱ्याला निकॉन आला. किंमत मी सांगणार नाही, कारण अण्णांनी ती काकूंनाही सांगितलेली नाही. पाटावर झेंडूची फुलं, सोनं, आणि मधे कॅमेरा. त्याचं तोंड देवाकडे असावं म्हणून अण्णांनी पुढचं झाकणही काढून ठेवलं होतं. काकूंनी रीतसर हळद वाहिली, कुंकू घेतलं, आणि कपाळाला लावावं तसं बोटाने बरोबर मधोमध, काचेवर टेकवलं.

अण्णा ओरडले. काकू म्हणाल्या, "मग कुठे लावू? कपाळ म्हणून दुसरं काही आहे का त्याला?" दुसऱ्या दिवशी काचेवर लावायची आणखी एक काच आली. अण्णांच्या भाषेत यूव्ही फिल्टर, काकूंच्या भाषेत कुंकवाची काच.

नवा कॅमेरा घेतला की पहिल्या आठवड्यात घरचे काही साधे प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं देता येत नाहीत, हा माझा अण्णांच्या शेजारी राहून काढलेला निष्कर्ष आहे. काकूंचा पहिला प्रश्न, "मागच्या पडद्यावर काहीच दिसत नाही, बंद पडलाय का?" डी ६० ला फोटो काढण्याआधी पडद्यावर चित्र दिसत नसे, भोकाला डोळा लावावा लागे. अण्णा म्हणाले, "हेच खरं फोटोग्राफीचं अंग आहे." दुसरा प्रश्न मुलाचा, फोनवरून. "बाबा, झूम किती आहे?" अण्णा थोडा वेळ गप्प. जुन्याला चारपट होता. नव्याबरोबर आलेली लेन्स अठरा ते पंचावन्न, म्हणजे तीनपट. "झूम हा हौशी लोकांचा शब्द आहे," अण्णांनी फोन ठेवला.

तिसरा प्रश्न मोदकांचा. जुन्या कॅमेऱ्यात फुलाचं चित्र असलेलं बटण दाबलं की तो मोदकाला नाक लावून फोटो काढी. नवा अठ्ठावीस सेंटिमीटरच्या आत काही बघायलाच तयार नाही. काकू पाच वाफाळते मोदक घेऊन उभ्या, आणि अण्णा एकेक पाऊल मागे सरकत सरकत बाल्कनीत. फोटो आला तेव्हा मोदकांवर तूप थिजलं होतं.

यावर कुणी ऑटोवर काढा म्हणायचा अवकाश, अण्णा फिरकी घेत. "ऑटोवर फोटो काढणं म्हणजे पोळ्या बाहेरून आणणं. पोट भरतं, पण घरात सांगू नये." ते हाताने सगळं लावत. ते कसं लावायचं हे सांगायला त्यांनी महापालिकेच्या पाण्याचा दाखला काढला होता. नळ किती उघडलाय ते अपर्चर, पाणी किती वेळ येतंय तो शटर स्पीड, आणि आपल्याकडे केवढी बादली आहे तो आयएसओ. बादली भरली पाहिजे, पण सांडता कामा नये. दाखला चांगलाच होता, मला अजून तेवढंच येतं. फक्त त्यात आकडा जितका लहान तितका नळ जास्त उघडा असतो, इथे आली की सगळी बिल्डिंग घसरायची. तळमजल्यावरचे मामा तर म्हणाले, "मग पाणी गेल्यावर आकडा काय?"

धनगराच्या मागचं लोणी मात्र अजून साधलं नव्हतं. त्यासाठी अण्णांनी पन्नासची, एक पॉइंट आठची लेन्स आणली. लेन्स उत्तम, किंमत त्या मानाने माफक. एकच गोष्ट खतावणीत लिहायची राहिली. त्या लेन्सला फोकस फिरवायला कॅमेऱ्याच्या पोटात मोटर लागते, आणि डी ६० च्या पोटात ती नाही. म्हणजे पुढची कडी हाताने फिरवत बसायचं. दुकानदाराने बॉडी कोणती म्हणून विचारलं होतं, हे अण्णांनी मला फार पुढे सांगितलं. यांना वाटलं तो तब्येतीची चौकशी करतोय.

पण लोणी आलं! पहिल्याच दिवशी काकू खिडकीत बसल्या होत्या, मागे देवघरातल्या दिव्यांच्या माळेचे गोल गोल ठिपके झाले. अण्णा आतल्या खोलीतून ओरडले, "अगं, इकडे ये, बोके बघ किती सुंदर आलेत!"

काकू डाव घेऊन धावल्या त्या थेट स्वयंपाकघरात. दूध झाकलेलं होतं. खिडकीही बंद होती. "कुठायत मेले?"

मागचा भाग विरघळण्याला फोटोग्राफीत जपानी शब्द आहे आणि अण्णा त्याचा उच्चार बोके असा करत. आमच्या गल्लीत खरे बोके सात-आठ, त्यामुळे हा गोंधळ पुढे वर्षभर चालला. एकदा तर पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या बोक्यांनी आमचं लोणी खाल्लं." अण्णा खूश झाले. त्यांना वाटलं, वहिनींना विषय कळला.

अण्णांच्या लेन्सना पावसाळ्यात बुरशीचं भय. मग अनारशांचा स्टीलचा डबा लेन्सकडे गेला आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या बिल्डिंग पुरवी. कुणी बूट घेतले, कुणाची औषधाची बाटली संपली, की पुडी अण्णांच्या दारात. त्या वर्षी दिवाळीत अनारसे प्लॅस्टिकच्या डब्यात होते आणि मऊ पडले. काकूंनी पुडी मागितली, अण्णांनी दिली नाही.

एव्हाना अण्णांचा एक ग्रुप जमला होता. पुण्यात एसएलआर घेतलेल्या माणसाची एक वारी ठरलेली असते, ती म्हणजे भिगवण. पहाटे निघायचं, सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर, उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी. मीही एकदा गेलो. नावेत पुढे बसलेल्या दोघांकडे तोफा होत्या, हातभर लांब, पांढऱ्या. अण्णांकडे पंचावन्न. नावाडी म्हणाला, "जास्त जवळ नेता येत नाही साहेब, उडतात." अण्णांनी दोनशे फोटो काढले. घरी पडद्यावर सगळे जमले. पाणी, आकाश, आणि मधे गुलाबी रांगोळी सांडावी तसे थोडे ठिपके.

"पक्षी कुठायत?" मामांनी विचारलं.

"नुसता पक्षी काय कुणीही काढतो," अण्णा म्हणाले. "मी अधिवासासकट काढलाय."

त्याच संध्याकाळी लक्षात आलं, प्रत्येक फोटोत डावीकडे वर एक घार आहे. भिगवणला होतीच, पण सिंहगडाच्या फोटोतही होती, लकडी पुलावरच्या फोटोतही, तिथेच, पंख न हलवता. सेन्सरवर बसलेला धुळीचा कण होता तो. अण्णांना दु:ख झालं. घारीचं नाही, मामांनी ती आधी पाहिली याचं.

हे सगळं चालत होतं आणि एक गोष्ट हळूहळू बदलत होती, ती मला फार उशिरा दिसली. अण्णांचा चेहराच दिसेनासा झाला होता. पूर्वी समोरच्याला कपाळावरचा चष्मा, उघडं तोंड आणि "पैसे पडत नाहीत" मिळे. आता मिळे एक काळं खोकं, त्यामागे मिटलेला डावा डोळा, आणि एकाग्रतेने ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं जिभेचं टोक. लोक पासपोर्टला बसावेत तसे बसू लागले. फोटो मात्र सुरेख येत. एका डोळ्याची पापणी न् पापणी मोजून घ्यावी. दुसरा डोळा बोक्यांत.

मे २००९ मधे अण्णांच्या पुतण्याच्या मुलाची मुंज झाली. कार्यालयात दुसरा फोटोग्राफर नको, असं अण्णांनी बजावून सांगितलं होतं. मातृभोजनाला पन्नासची लेन्स. मुलगा आईच्या मांडीवर, सुनेने पहिला घास उचलला आणि अण्णा म्हणाले, "घास तसाच धर!" कडी फिरू लागली. फोकस घासावर यायचा, तर मुलाचं नाक जायचं. नाक आलं, तर सून जायची. पोरगा आ वासून बसलेला, सुनेचा हात थरथरतोय, भात वाळतोय, भटजी घड्याळ बघतायत. "हलू नका, आलंच!" मागून काकूंनी त्या लोंबत्या पॉवरशॉटने एक फोटो काढून घेतला. त्या मुंजीचा कागदावर उतरलेला फोटो तेवढाच, आणि त्यात अण्णांची पाठ आहे.

बाकीचे सहाशे फोटो रॉ होते. रॉ म्हणजे कच्चे, त्यांवर संस्कार व्हायचे असतात. मुंजीचे फोटो आणि त्यांच्यावरच संस्कार राहिलेले, हा विनोद त्या घरात दर दिवाळीला होत असे. सून फोन करी, अण्णा म्हणत, "घाई केली की रंग बिघडतात."

२०१९ च्या डिसेंबरात ती स्वतःच मुलाला घेऊन आली. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दाढी राखलेली, हातात पेनड्राइव्ह. मीही होतो. अण्णांनी संगणक लावला, फोल्डर उघडलं आणि पडद्यावर मांडवातला बटू आला. तुळतुळीत डोकं, शेंडी, कानात भिकबाळी, घाबरलेले डोळे. आम्ही सगळे क्षणभर गप्प.

"आजोबा, हा मी?" मुलगा म्हणाला.

अण्णा चष्मा कपाळावर सारून पुढे वाकले. "डोकं जळलंय ह्याचं."

सून दचकली. "अहो असं काय बोलता!"

"हायलाइट गं. डोक्यावरचा उजेड सांडलाय. बादली भरून वाहिली." त्यांनी एक पट्टी खाली ओढली, डोकं राखाडी झालं. वर ओढली, पिवळं झालं. अर्धा तास ते डोकं वांग्यापासून पपईपर्यंत सगळ्या रंगांतून जाऊन आलं. पेनड्राइव्ह टेबलावर तसाच. चहा झाला. शेवटी संगणकाने विचारलं, बदल जतन करायचे का. अण्णांनी विचार केला आणि नाही म्हटलं.

तेवढ्यात मुलाने गुपचूप मोबाइल वर केला आणि पडद्याचाच एक फोटो काढला. पाच मिनिटांत तो नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि तिथून काकूंच्या फोनवर. काकूंनी तो मला दाखवला. घाबरलेला बटू आहे, आणि त्याच्यावर, पडद्याच्या काचेत, कपाळावर चष्मा चढवलेले, तोंड अर्धवट उघडं ठेवून बघणारे अण्णा.

अण्णांनी फोन हातभर लांब धरून नीट पाहिला.

"ऑटोवर काढलाय," ते म्हणाले. "मधे कुणाची तरी सावली आलीय बघ."