मोगरेरावांना सात दिवसांची मुदत

रा. रा. मोगरेराव वसईकर यांस,
मुक्काम आगाशी, निर्मळ, भुईगाव, गास आणि आजूबाजूच्या उरलेल्या वाड्या.

स. न. वि. वि.

कळवण्यास आनंद होतो की, विरार पश्चिमेच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक आख्खी भिंत आता फुलांची झाली आहे. तीत तुम्ही नाही. तुमच्या खानदानातलंही कुणी नाही: जाई-जुई नाहीत, सायली नाही, कागडा नाही, सोनचाफा तर नाहीच नाही. का नाही, हे तोंडावर सांगण्याची आमच्या सोसायटीत पद्धत नसल्यामुळे हे पत्र लिहिते आहे. आणि चारचौघांत कळल्याशिवाय कुणी सुधारत नाही, म्हणून ते खुलं ठेवते आहे.

प्रथम तुमच्या कामगिरीबद्दल. सर्व कागदपत्रं पाहता तुमची नोकरी एका दिवसाची दिसते. पहाटे अंधारात डोक्याला बॅटरी लावून बायामाणसं वाडीत उतरणार, एकेक टपोरी कळी खुडणार, ती ओल्या फडक्यात गुंडाळली जाणार, मग रिक्षा, मग स्टेशन, मग मालडब्यात अर्नाळ्याच्या कोळणींच्या पाट्यांना खेटून दादरपर्यंत प्रवास. तिथे फूलबाजारात भाव ठरणार, तो तुम्हाला न विचारता. संध्याकाळी तुम्ही उमलणार, रात्री घमघमणार, आणि दुसऱ्या दिवशी पिवळे पडून कचऱ्यात. एवढ्याशा हजेरीसाठी एवढी धावपळ करणारा कर्मचारी आजच्या काळात कोण ठेवून घेईल? शिवाय थंडी आली की छाटणी करून घेऊन तुम्ही रजेवर जाता, ते फाल्गुनाच्या आसपास उगवता. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे वाढदिवस, डोहाळजेवणं आणि ख्रिसमस पार्ट्या असतात. रजेचा अर्ज कधी आल्याचं स्मरत नाही.

विरारहून मुंबईला पहिली लोकल 12 एप्रिल 1867 रोजी सुटली. तेव्हापासून या मार्गाची इतकी भरभराट झाली, की आता माणसाला आत पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही मात्र टोपलीसकट शिरता, आणि वर मालडब्यातल्या सगळ्यांना फुकट सुवास वाटत जाता. हा कसला धंदा? जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा गाड्या बंद होत्या ही सबब तुम्ही पुढे केलीत. आमची भिंत त्या महिन्यात असती, तर जागच्या जागी हजर असती.

आता भिंतीविषयी थोडं सविस्तर, म्हणजे तुम्हाला स्पर्धा कळेल. ती आम्ही घरीच केली. प्लास्टिकच्या जाळीचे चौकोन आणायचे, केबल टायने एकमेकांना बांधायचे. मग फुलांचे बंच. एका दांड्यावर जितकी फुलं असतील त्यांची मुंडकी उपटायची आणि जाळीच्या भोकांत खोवायची. हे काम लेकीने फार आवडीने केलं. आधी हायड्रेंजियाचा दाट थर, म्हणजे जाळी दिसत नाही. त्यावर मोठे गुलाब आणि पिओनी. उरलेल्या फटींत हिरवी पानं. जे खोवून बसत नाही ते ग्लू गनने चिकटवायचं. तिचे धागे शेवयांसारखे घरभर लोंबतात आणि बोटं भाजतात, पण कलेसाठी एवढं सोसावंच लागतं. दुकानदार या फुलांना ‘सिल्क’ म्हणतो. कापड पॉलिस्टरचं असतं. त्याला कडकपणा आणून पाकळ्या साच्याने कापतात आणि गरम दाबाखाली त्यांना बाक देतात. देठात तार, तारेवर प्लास्टिक.

यातली पिओनी ही थंड मुलखातली बाई. कडक हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय ती फुलत नाही. विरारला जानेवारीतही आम्ही पंखा लावतो. तरी ती आमच्याकडे बारा महिने तेरा काळ टवटवीत आहे, रंग ‘डस्टी पिंक’. म्हणजे धुळीत मळलेला गुलाबी. तो आम्ही मुद्दाम पैसे देऊन घेतला. रस्त्याची कामं पाहता इथे तो फुकटातही जमला असता. तुम्ही जन्मभर पांढरेच. हल्ली लॅव्हेंडर चालतो, पीच चालतो. पांढरा फोटोत उडतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

घरमालकांची अट खिळा न मारण्याची, म्हणून भिंत आधी दुहेरी चिकटपट्टीवर उभी केली. पहिल्या पावसाची ओल आली आणि रात्री अडीचच्या सुमारास सगळा वसंत ऋतू धाडकन जमिनीवर आला. खालचे भाडेकरू वर धावले. आता पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर ती भक्कम आहे, आणि मागच्या बाजूला एक पाल राहायला आली आहे. तिचं भाडं अजून ठरायचं आहे.

पाणी घालावं लागत नाही, हा मोठाच गुण. धूळ तेवढी काढावी लागते. समुद्राचा वारा खारट आणि चिकट, त्यामुळे पाकळीवर बसलेली धूळ फुंकरीने उडत नाही. मग केस वाळवायचं यंत्र थंड हवेवर लावून फुलाफुलावरून फिरवायचं, त्यानंतर मऊ ब्रश, त्यानंतर ओलं फडकं. हे आटोपलं की रविवार संपलेला असतो. पण फुलांची सेवा केल्याचं समाधान मिळतं, जे तुमच्या बाबतीत कधी मिळालं नव्हतं, कारण तुमची सेवा दुसरंच कुणीतरी करत होतं.

वासाचा प्रश्न आलाच. पाहुणे येतात, भिंतीपाशी उभे राहून फोटो काढतात, आणि का कोण जाणे, प्रत्येक जण नाक पुढे नेतो. लहान मुलं तर नाक टेकवूनच पाहतात आणि मग आमच्याकडे संशयाने बघतात. त्यावर आम्ही उपाय काढला. रूम फ्रेशनरची बाटली आणली. बटण दाबलं की पिओनीतून मोगऱ्याचा वास सुटतो. बाटलीवर तुमचा फोटो आहे. तुम्हाला वगळलं अशी तक्रार निदान आता करू नका.

तुमच्या वाडीतले काही जाणकार म्हणतील की खोटी फुलं हे परक्यांचं फॅड आहे. अजिबात नाही. या बाबतीत वसई तालुका फार पुढारलेला आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्यातला बुरुड राजाचा कोट खणला. आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोनं अशा एकात एक बसवलेल्या डब्या, आणि सगळ्यांत आतल्या डबीत मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे. त्या पेटीत सोन्याची फुलंही होती. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. म्हणजे न सुकणारी फुलं सोपाऱ्यात शतकानुशतकं जमिनीखाली होती. ती घडवणाऱ्यांनी दगडात बंद करून वर विटा रचल्या, कुणाच्या नजरेला पडू नयेत अशी. फोटो काढायचेच नव्हते तर एवढा खर्च कशासाठी केला, हे आमच्या सोसायटीत कुणाला समजलेलं नाही. ते तुकडे ज्याच्या पात्राचे मानले, त्याच्यासाठी असेल म्हणा. आमच्या भिंतीच्या मध्यभागी निऑनमध्ये ‘हॅपी बर्थडे’ आहे, तो काढून दुसऱ्या दिवशी ‘जस्ट मॅरिड’ लावता येतो.

भेंडाची बाशिंगं होतीच की. दलदलीत उगवणाऱ्या त्या हलक्या झाडाचा पांढराशुभ्र गाभा सोलून कारागीर फुलं करत. तीही खोटीच. पण लग्न झालं की बाशिंग मोडायचं, मातीत जायचं. अर्धवट कृत्रिमता म्हणतात ती हीच. आमची फुलं पणतवंडांच्या लग्नालाही याच रंगात हजर असतील.

आता कायद्याचं. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कान साफ करायच्या काड्या गेल्या, फुग्यांच्या काड्या गेल्या, सजावटीचं थर्माकोल गेलं. म्हणजे बाप्पाचं मखरसुद्धा बेकायदा ठरलं. त्या यादीत प्लास्टिकचं फूल मात्र नव्हतं. आम्ही पेढे वाटले. मग कळलं की तुमच्या बाजूने फूलउत्पादकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आहे. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात विषय विधानसभेतही निघाला आणि फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणण्याचं बोलून दाखवलं. मोगरेराव, एक हितचिंतक म्हणून विचारते: आयुष्य एका रात्रीचं असणाऱ्याने कोर्टाची पायरी का चढावी? तुमची पुढची तारीख लागेपर्यंत तुमच्या किती पिढ्या निर्माल्यात गेल्या असतील! आमचं पॉलिस्टर सावकाश वाट पाहू शकतं. त्याला घाई नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत यायला ते तयार आहे.

राहता राहिला जमिनीचा मुद्दा. तो तुम्ही काढणार हे मला माहीत आहे. होय, आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी वाडी होती. शेजारी बावखल होतं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि आसपासच्या विहिरी खाऱ्या होऊ द्यायचं नाही, असं जुने लोक सांगतात. आता तिथे पार्किंग आहे आणि पावसाळ्यात त्या पार्किंगमध्ये पुन्हा बावखल होतं, एवढी निसर्गाची आठवण आम्ही जपली आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई’चं आंदोलन उभं केलं, विहिरी उपसणाऱ्या टँकरांविरुद्ध आणि वाड्या गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध. तेच दिब्रिटो पुढे 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या आंदोलनामुळे आमच्यासारख्यांना फ्लॅट मिळायला काही वर्षं उशीर झाला असावा, पण आम्ही मनात ठेवलेलं नाही. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका हद्दीत 12 लाख 22 हजार माणसं मोजली गेली. त्यानंतर आम्ही आलो. एवढ्या माणसांनी टँकरचं पाणी स्वतः प्यावं की तुम्हाला घालावं? आणि तुमची अगदीच आठवण ठेवली नाही असंही नाही. आमच्या विंगला ‘जास्मिन’ नाव दिलं आहे.

बाहेरच्या जगात तुमच्या भाऊबंदांनी बरं नाव काढलं. फिलिपीन्सने 1934 साली मोगऱ्याला राष्ट्रीय फूल केलं. मदुराईच्या मोगऱ्याला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इतकंच कशाला, तुमच्याच पालघर जिल्ह्यातला घोलवडचा चिकू मानांकन घेऊन बसला आहे. तुम्ही मात्र मालडब्यात.

तरी खालील बाबींचा खुलासा सात दिवसांत करावा. सुकणं कधी बंद करणार? लॅव्हेंडर रंगात येणार का? जाळीच्या चौकोनात बसेल असं, मुंग्या न लागणारं, घरपोच मिळणारं रूप कधी काढणार? सात दिवस तुम्ही टिकत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण नियम सर्वांना सारखा.

कळावे, लोभ असावा.

तुमची माजी ग्राहक,
‘जास्मिन’ विंग, विरार पश्चिम

ता. क.: रविवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे. चौरंग फुलांच्या भिंतीसमोरच मांडणार, फोटो छान येतील. पण गुरुजींनी भिंतीकडे एकदा पाहिलं आणि यादीत सुटी फुलं, दोन हार आणि पाच गजरे लिहून दिले. मी म्हटलं, एवढी फुलं आहेत ना गुरुजी. तर म्हणाले, वहिनी, देवाच्या डोक्यावर पॉलिस्टर वाहायचा मंत्र मला येत नाही. तेव्हा स्टेशनबाहेरच्या मावशींना निरोप द्यावा की, पाच गजरे बाजूला काढून ठेवा, टपोऱ्या कळ्यांचे, कालचे नकोत. आणि भाव जरा माणुसकीचा लावा म्हणावं. मागच्या खेपेला तीस रुपयांना एक सांगितला होता. वीसला दोन द्या. भिंतीत साडेसहा हजार गेलेत, तिथे ऑनलाइन एक रुपया कमी करत नाहीत. सकाळी साडेसातपर्यंत मिळाले पाहिजेत, गुरुजींना लगेच नालासोपाऱ्याची पूजा आहे.